गोगलगायीचा डफ

पक्षाघात झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे माझं काम. मोठी खोली, दोन समांतर दांड्या, समोर आरसा, फरशीवर खडूची रेघ. तीन आठवडे त्या रेघेवर माझी आत्या येऊन उभी राहत होती आणि एक पाऊलही टाकत नव्हती.

आत्या म्हणजे डफवाली. आजाऱ्याच्या उशाशी बसून डफ वाजवायची आणि त्याच्या पाठीशी कुठला प्राणी उभा आहे ते सांगायची. कुणाच्या अस्वल, कुणाच्या साळिंदर. ज्याचा जो प्राणी, त्याची चाल त्यानं शिकायची. तिची स्वतःची हरिणी. आता डफ माझ्याकडे यायचा होता. कातड्याच्या आतून मी माझा प्राणी रंगवायचा, एवढंच बाकी होतं.

तिथंच घोडं अडलं होतं.

मी नऊ वर्षांची असताना आत्यानं मला रानात एकटीला बसवलं. पहिला जवळ येईल तो तुझा, म्हणाली. दिवसभरात आली एक गोगलगाय. बुटावर चढली, उतरली, तेवढ्यात दुपार सरली. मला लाज वाटली. घरी येऊन सांगितलं, ससाणा आला. केवढं कौतुक झालं. तीस वर्षं ते कौतुक घशात अडकलं होतं. खोटं बोलणाऱ्याच्या हाती डफ देत नाहीत.

"पाय उचलू नकोस, आत्या. नुसता सरकव." मी तिच्या उजव्या तळव्याखाली घडी केलेलं फडकं ठेवलं.

"हरिणी सरपटत नाही."

शेजारच्या दांड्यांमधले निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, "बाई, आमची गाडी पहिल्या गिअरात तरी आहे."

"तुम्ही आधी पुढं बघा, आरशात घुसाल." मग माझ्याकडे वळून, "उड्या मारणारीला फरशी पुसायला लावतेस. तुझ्या ससाण्यानं शिकवलं का हे?"

तिच्या कमरेचा पट्टा माझ्या मुठीत होता. तिचा उजवा पाय थरथरत होता. अशीच अडून बसली, तर खुर्चीच तिचं घर होणार. डफ गेला तर जाऊ दे.

"ससाण्यानं नाही. गोगलगायीनं," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

आत्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"गोगलगाय अन् पोटात पाय," ती म्हणाली. "आणि मी वेडी तीस वर्षं ससाण्याला विनवतेय, माझ्या पोरीला सांभाळ म्हणून. मग ऐकलं कुणी?"

"तिनंच ऐकलं असेल."

"तरीच प्रत्येक गोष्ट उशिरा मिळाली तुला." तिचे खांदे हसण्यानं हलले. "पण मिळाली गं. एकही राहिली नाही. आणि मी तिला साधं 'बरं केलंस' म्हणाले नाही."

मग तिनं मान खाली घातली आणि डफावरचं तिचं जुनं गाणं पुटपुटू लागली, फक्त सुरुवात बदलून:

एका पायाची माउली, दोन पायांची मी पोर,
तुझ्या मागं मागं येते, आता कसला गं घोर.

फडकं फरशीवर घासलं. बोटभर. मग वीतभर.

"डफ घरी घेऊन जा," ती आरशाला म्हणाली. "शंख नीट काढ. आणि घाई करू नकोस."