एकटा एक्का

कंपाउंडरने बदामाची अठ्ठी टाकली आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

त्याचे भिडू टेलरमास्तर त्या अठ्ठीकडे बघत राहिले. ब्रिजचा हा बिनहुकमी डाव बाईंचा होता. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका त्या. हजेरी घेतल्यासारखे एकामागून एक किलवरचे पत्ते मांडत होत्या. या दोघांकडचं किलवर संपलेलं, म्हणून दर खेपेला दुसऱ्या रंगातलं काहीतरी टाकणं भाग होतं. बाईंची भिडू मास्तरांची सून. खेळ नुकताच शिकू लागलेली. नियमाप्रमाणे आपले पत्ते टेबलावर उघडे मांडून ती सासऱ्यांचा चेहरा न्याहाळत होती.

खेळ आटपला की मास्तरांना एक काम उरकायचं होतं. कंपाउंडरला सांगायचं होतं, पुढच्या गुरुवारपासून येऊ नकोस. क्लबातल्या मंडळींनी तसं ठरवलं होतं. तो पाळी नसताना खेळायचा, चालू रंग विसरायचा, मग समोरचे चिडायचे. मास्तर, तुमचं तो ऐकेल, असं बाईंनी म्हटलं होतं, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघितलं होतं.

ऐकेलही. पण हा खेळ मास्तरांना शिकवला होता कंपाउंडरनेच. दवाखान्याच्या माडीवर, औषधांच्या वासात. तेव्हा मास्तर राजा-राणीला कवटाळून बसायचे आणि बारीक पत्ते फेकून मोकळे व्हायचे. कंपाउंडर हसायचा, मग समजावू लागायचा, आणि समजावता समजावता त्याचं बोलणं सुरात जायचं. भिडूशी बोलायची बंदी आहे ना, मग टाकायच्या पत्त्याने बोलावं. मोठा टाकला तर ‘हा रंग घेऊन ये’, लहान टाकला तर ‘इथे काही नाही’. आणि पहिला टाकलेला तेवढा मनापासून. पुढचे सगळे नाइलाजाचे. खाली पेशंट खोकत ताटकळायचे, डॉक्टर हाका मारायचे, आणि वर मास्तर मांडीवरचं काज-बटण विसरून ऐकत राहायचे.

अठ्ठी त्याने पहिलीच टाकली होती.

मास्तरांच्या हातात बदामाचा एकच पत्ता होता, एक्का. कंपाउंडरकडे खरंच भारी बदाम असतील तर हाच एक्का त्यांच्या वाटेत उभा राहणार होता. तो हात मास्तर जिंकतील, आणि परत उतरायला दुसरा बदाम नाही. तेव्हा एक्का आत्ताच फेकून द्यायला हवा. पण ती अठ्ठी नुसती बोटाला लागली म्हणून पडली असेल तर? एक्का फुकट जाईल, आणि कंपाउंडरबद्दल मंडळी म्हणतात ते खरं ठरेल.

बाईंनी पुढचं किलवर टाकलं. मास्तरांनी मनात देवाचं नाव घेतलं आणि एक्का टाकला.

“बाबा,” सून म्हणाली, आणि तिने ओठ मिटून घेतले.

किलवर संपल्यावर बाईंनी इस्पिक काढलं. कंपाउंडरने ते एक्क्याने घेतलं. मग तो बराच वेळ पत्त्यांकडे बघत राहिला, कपाटातली एखादी बाटली शोधावी तसा. बदामाचा राजा आला. मागून राणी, गुलाम, दश्शी; शेवटी दुर्रीसुद्धा चालून गेली. बाईंचा डाव दोन हात कमी पडून बुडाला. एवढे बदाम हातात असताना त्याने सुरुवातीला चौकट का उतरली होती, हे कोणी विचारलं नाही.

पत्ते गोळा करताना बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले. त्यांनी तोंड उघडायच्या आत कंपाउंडरच त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

“मास्तर, रागावू नकोस. एकटा एक्का टाकलास तू.”

“हो रे.”

“पूर्वी असं करत नव्हतास.” त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. “होतं या वयात. मंडळी कुजबुजतील, तू मनावर घेऊ नकोस. मी आहे ना समोर. सांभाळून घेईन.”

बाई दारापाशी येऊन थांबल्या होत्या. त्या पंख्याचं बटण शोधू लागल्या.

“तू येणार असशील तरच मी येईन,” मास्तर म्हणाले. “एकट्याचं आता काही खरं नाही.”

“येणार म्हणजे काय. चल, तुला घरी सोडतो.”

खाली जायचा जिना डावीकडे होता. कंपाउंडर त्यांचा हात धरून उजवीकडे निघाला. मास्तर काही पावलं त्याच्याबरोबर गेले.