साळूबाईचं म्हणणं

कुंभार पिंपळगावात त्या दिवशी तातेरावाच्या घरी न्याय व्हायचा होता, आणि साळूबाई सकाळपासून न्याय करणाऱ्यासाठी पुरण वाटत बसली होती. आता याला काय म्हणावं!

साल चौऱ्याहत्तर. नवरा पुंजाराम जाऊन दोन वर्षं झालेली. त्याच्या वाटणीचं विहिरीजवळचं रान साळूबाईनं मागितलं, दीर तातेराव हटून बसला, म्हणून तिनं तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. तेव्हा कुठे दिराचं तोंड गोड झालं. "कशाला हेलपाटे, वहिनी? जालन्याचे रिटायर जज्जसाहेब घरी बसून बराबर निवाडा करतेत. घरातलं घरात ऱ्हाईल." ती बिचारी हो म्हणाली.

जज्जसाहेब बैठकीत लोडाला टेकले. माणूस भला. पण या घराची रीत अशी, की विधवेनं बैठकीत पाऊल टाकायचं नाही. आणि साहेबांना तीस वर्षांची सवय, की बाईच्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोलणार. कोर्टात वकील बोलायचा. इथे तातेराव बोलला. ज्याच्यावर दावा, तोच तिचं तोंड!

"बाईचं म्हणणं काय?" साहेबांनी विचारलं.

"तिला काई नको, साहेब. दोन वक्ताची भाकर अन् लुगडं, बास."

साहेबांनी लिहून टाकलं, की बाईनं राजीखुशीनं हक्क सोडला.

दाराआड साळूबाईनं सगळं ऐकलं. राग आला नाही, रडूही आलं नाही. नवरा गेल्यापासून ती आतून बधिर झाली होती. हात तेवढे कामाला चालायचे. साहेबांनी पोळीची तारीफ केली, तरी तिला काहीच वाटलं नाही.

जेवणं झाल्यावर तातेराव कागद आणि शाई घेऊन दाराशी आला. "लावा अंगठा, वहिनी. जल्दी करा, साहेब निघून राह्यले."

तिनं कागदाकडे नुसतं पाहिलं. मग पदर सावरून ती उंबरा ओलांडून थेट बैठकीत आली.

"साहेब, मला कुणी इचारलंच न्हाई. मला माझं रान पायजे. मी अंगठा लावत न्हाई."

"अहो बाई, कोर्टात वर्षं जातील," साहेब गडबडून म्हणाले.

"जाऊ द्या. तिथं शिपाई माझं नाव तरी पुकारतो."

साहेबांनी तातेरावाच्या हातून कागद घेऊन पुन्हा वाचला. 'मयत पुंजारामची बायको' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. नाव काय, हे आता विचारायचीही त्यांना लाज वाटली.

सोमवारी तारीख होती. साळूबाई एकटीच गेली.