कॅनलाही करणी

दोरा तुटला तेव्हा शेडमधल्या तीनेकशे माणसांनी एकदम श्वास सोडला. मीही सोडला, कारण तो दोरा माझ्याच छातीला बांधलेला होता. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या पुढे सहा किलोमीटरवर दोरेबाबाचं ठाणं आहे. ठाणं म्हणजे एक विहीर, तिच्याशेजारी फणसांच्या सावलीत टाकलेली शेड आणि दोन मोठे स्पीकर. एप्रिलचा रविवार होता. बाबाच्या माणसांनी मला कपड्यांसकट विहिरीच्या गार पाण्याच्या अकरा कळशा घातल्या आणि सावलीत नेऊन बसवलं. मग बाबानं माईक हातात घेतला.

"ह्या ताईच्या छातीला अदृश्य पट्टा हाय. बरगड्यांच्या भवतीनं तीन वेढं. कुणीतरी वैऱ्यानं बाहुली करून तिच्या छातीला दोरी आवळल्या. त्येच्यामुळं मणक्याची फ्रिक्वेन्सी जाम झाल्या. डॉक्टरच्या मशिनीत ह्ये दिसत न्हाय. नासावाल्यांनी मान्य केलंय, पर तुमचा डॉक्टर मान्य करायचा न्हाय. त्येचं दुकान बंद हुईल की."

गर्दीतून "व्हय, व्हय" असा आवाज आला. बाबानं ताटातला एक जाड काळा दोरा उचलला आणि माझ्या ओल्या कुर्त्यावरून छातीभोवती बांधला. वैऱ्याचा पट्टा तोडणारा दोरा, पण बांधला मात्र तान्ह्या बाळाचं झबलं बांधावं इतका अलगद. मग म्हणाला, "मोठा श्वास घ्या ताई. आजून. आजून." मी छाती फुगवली आणि दोरा पुढच्या बाजूला तटकन तुटला.

आणि मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. तेरा दिवस बरगड्यांभोवती जे आवळून बसलं होतं ते सैल पडलं. मी रडले. ते कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्यानं पाहिलं.

मी कोण ते सांगते. मी अनुजा, आमच्या दूध संस्थेत टेस्टर. रोज सकाळ-संध्याकाळ दीडशे जणांच्या दुधाचं फॅट काढते, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजते, आणि दीडशे जणांच्या शिव्या खाते. पाणी घातलेलं दूध मला रंगावरून कळतं. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. असली बाई दोरेबाबाच्या शेडमध्ये काय करत होती, असं तुम्ही विचाराल, तर ते विचारणं बरोबरच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा पाय बधिर झाला, एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं. कोल्हापुरात एमआरआय झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, मग मेंदूचे निरोप अर्धवट किंवा भलतेच पोचतात. त्यातलाच एक भलता निरोप म्हणजे हा पट्टा. छातीला काहीही झालेलं नसतं, तरी कुणीतरी बरगड्या दोरखंडानं बांधून पिळतंय असं वाटतं. श्वास पुरता जात नाही. कधी तासभर, कधी पंधरवडाभर. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, हृदय ठीक असल्याची खात्री केली आणि मगच हे दुखणं एमएसचं आहे असं सांगितलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पण गावाला हे कोण सांगणार? मी वर्षभर सांगत होते. "गॅस असंल." "ओवा खा." "लई टेन्शन घेतीस तू." संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर चांगल्या दिसताय." नवरा नोकरीनिमित्त पुण्यात, तोही फोनवर म्हणायचा, "योगा करून बघ की." एमआरआयच्या पाच फिल्म कपाटात होत्या, त्या कुणाला दिसल्या नाहीत. बाबानं माईकवरून 'अदृश्य पट्टा' म्हटल्याबरोबर तो तीनशे जणांना दिसला. त्या दिवसापासून मला हाच राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

गेले होते ती सासूबाईंमुळे. आत्याबाई, म्हणजे शालूबाई, बाईमाणूस जीव लावणारं, पण हट्टी. मी ठाण्यावर यावं म्हणून त्यांनी तीन दिवस अन्न सोडलं. त्यांना पासष्टाव्या वर्षी चक्कर यायला लागली, तेव्हा मी रिक्षात बसले.

मी निघताना बाबानं दोन आज्ञा दिल्या. एक, इंजेक्शनं बंद. दोन, तुटलेला दोरा मागं न बघता नदीत सोडायचा. मी दोन्ही मोडल्या. आठवड्याचं इंजेक्शन मी घरातून हलवून संस्थेच्या फ्रिजमध्ये ठेवलं. आणि दोरा, निव्वळ सवयीनं, सॅम्पलच्या बाटलीत टाकून बूच लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा परत आला. पण तोवर माझी कीर्ती माझ्यापुढं पोचली होती. दूध घालायला आलेली बाई कॅन खाली ठेवायच्या आधी विचारायची, "सुटला न्हवं पट्टा?" कितीजणांना काय सांगायचं? मी म्हणायची, "हो, जरा बरं आहे." तिथंच कॅन उतरवणारा बाळासो उभा असायचा. पन्नाशीचा, दणकट गडी, चाळीस लिटरचा कॅन एका हातानं टेम्पोत चढवणारा. तो म्हणाला, "वैनी, तुमी शिकल्याल्या. तुमी म्हणताय म्हंजे खरंच असणार." मी फॅटचा आकडा लिहीत होते. मान वर करून उत्तर दिलं नाही.

बुधवारी फार उकडत होतं आणि पट्टा असा आवळला की मला उभं राहवेना. मी बल्क कूलरच्या खोलीत गेले. तिथं चार अंशांवर दूध थंड होतं, टाकीचा पत्रा बर्फासारखा असतो. टाकीला पाठ लावून बसले आणि दहा मिनिटांत बरगड्या सैल पडल्या. अगदी विहिरीवर पडल्या तशाच. इथं ना बाबा होता, ना स्पीकर.

तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. उष्णता वाढली की एमएसचा त्रास वाढतो, अंग गार केलं की बऱ्याच जणांना तेवढ्यापुरता आराम पडतो. मला सांगितलेलं होतं आणि मी विसरले होते. एका सॅम्पलवर मी कधी विश्वास ठेवत नाही. म्हणून त्या रात्री ओला टॉवेल छातीला गुंडाळून पंख्याखाली बसले, आराम पडला. गुरुवारी चुलीपुढं भाकऱ्या थापल्या, पट्टा आवळला. पुन्हा टॉवेल, पुन्हा सैल. म्हणजे मला बरं केलं होतं ते अकरा कळशांनी. दोरा नुसता श्रेय घ्यायला आला होता.

राहिला प्रश्न तो तुटला कसा. त्याचं उत्तर धुण्यात निघालं. आत्याबाई माझा सुती कुर्ता वाळत घालताना ओरडल्या. कुर्त्याला छातीच्या उंचीवर, समोरच्या बाजूला, एका रेषेत भोकं पडली होती.

"बघ, करणी जाळत भायर पडली," त्या हात जोडून म्हणाल्या.

मी माझा संस्थेतला ॲप्रन आणून त्यांच्यापुढं धरला. त्यालाही तशीच भोकं होती. आता मशीनवर फॅट निघतं, पण कुणी तक्रार केली तर आम्ही अजून जुन्या पद्धतीनं, सल्फ्युरिक ॲसिड घालून तपासतो. त्याचा थेंब सुती कापडावर उडाला तर लगेच काही दिसत नाही. ॲसिड वाळतं, आतल्या आत सूत कुजवतं आणि धुतल्यावर तिथलं कापड गळून पडतं.

सॅम्पलची बाटली उघडली. दोऱ्याचं तुटलेलं टोक चिमटीत घेतलं तर भुगा झाला, दुसरं टोक मात्र ओढून तुटेना. म्हणजे बाबा मधलं वीतभर सूत पातळ ॲसिडमध्ये बुडवून वाळवत होता. दोरा काळा, त्यामुळं डाग दिसत नाही. चहाच्या दुधातले दोन चमचे दूध वाटीत घेऊन त्यात ते कुजकं सूत टाकलं आणि चुलीवर धरलं. दूध फाटलं. दुसऱ्या दोन चमच्यांत घरातला साधा काळा दोरा टाकला. ते नीट उकळलं.

आत्याबाईंनी दोन्ही वाट्या बघितल्या. "दूधच नासकं असंल," म्हणाल्या, आणि त्याच पातेल्यातल्या दुधाचा चहा करून प्यायल्या.

मी गप्प बसले. आधी रोग समजावून सांगायचा, मग बरं का वाटलं ते सांगायचं, मग बरं का नाही ते सांगायचं. मला कंटाळा आला होता. अंगात जेवढी ताकद होती ती श्वास घेण्यात जात होती. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी सकाळी बाळासो कामावर आला नाही. त्याच्या बायकोला, विठाबाईला, फोन लावला.

"रातीपासनं छातीत आवळतंय म्हणत्यात," ती म्हणाली. "दरदरून घाम येतोय. डावा हात जड झालाय. दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत न्हाईत. वैनींचा पट्टा सुटला तसा माझाबी सुटंल म्हणाले. आमी ठाण्यावर आलोय. नंबर लावलाय."

गप्प बसले होते मी, आणि मरणार होता तो. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर प्रियदर्शनींना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "चालवू नका, बसवून आणा. आत्ताच्या आत्ता." मी रिकामे कॅन घेऊन निघालेल्या दुधाच्या टेम्पोत चढले.

पोचले तेव्हा बाळासोला सात कळशा घालून झाल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते, एक हात छातीवर होता. विठाबाई शेजारी पदर तोंडात धरून उभी होती. मला बघून बाबाला भरतं आलं.

"बघा मंडळी, पट्टा तुटल्याली ताई सोता आली. सांग ताई, सांग सगळ्यांस्नी."

मी माईक घेतला. "बाळासोला दवाखान्यात न्यायचंय. हा पट्टा नाही, हा हृदयाचा झटका असू शकतो. माझा आजार वेगळा, त्याचा वेगळा."

"हितनं उठीवला तर वाटंत जाईल," बाबा शांतपणे म्हणाला. विठाबाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. ती हलेना. माणूस घाबरला की असंच होतं, जो धमकी देतो त्याचंच खरं वाटतं.

मी टेम्पोतल्या पोराकडून एक रिकामा कॅन मागवून घेतला आणि मधोमध ठेवला. बाबाच्या ताटातला दोरा उचलला, कॅनला गुंडाळला, गाठ मारली आणि आत दोन बोटं घालून तो जरासा ताणला. दोरा तटकन तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. तिसरा विठाबाईच्या हातात दिला. तिनं ओढला आणि तिच्या हातात दोन तुकडे आले.

"काय हो बाबा," मी म्हटलं, "कॅनलाही कुणी करणी केल्या काय?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. "दोऱ्याला ॲसिड लावलंय," मी म्हणाले. "माझ्या कुर्त्याला भोकं पडली त्यानं. आज घरी जाऊन तुमचे कपडे धुवा आणि बघा."

"मग त्या दिशी तुला बरं कसं वाटलं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. आठवडाभरात पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारत होतं.

"गार पाण्यानं, आजोबा. माझ्या आजाराला गारव्यानं आराम पडतो. संस्थेच्या कूलरला पाठ लावली तरी पडतो, तिथं दोरा लागत नाही. पण ज्याच्या हृदयाची रक्तवाहिनी तुंबलीय त्याला विहिरीच्या पाण्यानं काही होत नाही. झालं तर वाईटच होतं."

बाबा माईक ओढायला आला. "बाईमाणूस हाय, नादी लागू नगा, देव कोपंल..." विठाबाईनं हातातले तुकडे त्याच्या ताटात टाकले. "उठा," ती नवऱ्याला म्हणाली. पण त्याला उठू दिलं नाही. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून टेम्पोत ठेवलं.

आरोग्य केंद्रातल्या ईसीजीत झटका दिसला. तिथून रुग्णवाहिका कोल्हापूरला गेली, संध्याकाळी त्याची अँजिओप्लास्टी झाली. बाळासो जगला. आता तो कॅन उचलत नाही, संस्थेच्या दारात बसून पावत्या देतो. बाबा त्याच आठवड्यात ताट आणि स्पीकर घेऊन पसार झाला. पोलिसांत तक्रार दिली आहे, माझ्या कुर्त्यासकट आणि त्या बाटलीसकट.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण परवा दूध घालायला आलेला एकजण म्हणाला, "वैनी, त्यो भोंदूच हुता. पर आजऱ्याकडं एक खरा हाय म्हणत्यात, तुमच्या पट्ट्यासाठी जाऊन बघा." माझी रडतानाची रील अजून फिरते आहे. कॅनची रील कुणी काढली नव्हती.

घरी आले. उकाडा होता, पट्टा आवळला होता, मी भिंतीला टेकून बसले. आत्याबाईंनी उठून टॉवेल माठातल्या पाण्यात भिजवून आणला. "कुटं आवळतंय, दाव," म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं. दोऱ्यावर त्यांचा अजून अर्धा विश्वास आहे, हे मला माहीत आहे. पण त्यांनी विचारलं.

म्हणून तुम्हालाही तेवढंच सांगते. घरात कुणी छाती आवळते म्हणालं तर कुणी केलं, कुणाची नजर लागली, हे शोधत बसू नका. आधी दवाखाना, आधी ईसीजी. हृदय असेल तर वेळ वाचेल. हृदय नसेल, रोग डोळ्यांना दिसत नसेल, तरी तो माणूस सांगतोय ते खरं माना. त्यासाठी करणी कशाला लागते? मी वर्षभर सांगत होते. माझं तेव्हाच कुणी ऐकलं असतं तर बाळासो त्या शेडमध्ये गेलाच नसता.