एकशे एक डॉलर

घोळ सुरू झाला तो एका डॉलरनं. शनिवारी अमेरिकेतल्या डब्लिनच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती होती आणि मंडळाचे धर्मराजकाका देणग्यांची वही घेऊन फिरत होते. मैत्री नागपूरहून शिकायला आलेली पोरगी. खात्यात बरोब्बर शंभर डॉलर, आणि लायब्ररीतल्या कामाचा पगार मंगळवारी. म्हणाली, देऊन टाकू सगळे, दोन दिवस काय, कसेही निघतील. चेकवर शंभर लिहायला गेली तर काका म्हणाले, "अगं, शंभर कुणी देतं का? एकशे एक लिही!" शुभ-अशुभ न मानणारी ही माणसं, पण वरच्या एकाची सवय काही सुटत नाही. तिनं लिहिलं. माइकवरून नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, आणि काकांनी तिथल्या तिथे चेकचा फोटो काढून फोनवरून तो जमाही केला.

पुढच्या दोन दिवसांत बसचं तिकीट, अंडी, नूडल्स. तिन्ही वेळा कार्ड चाललं. नागपुरात खात्यात पैसे नसले की कार्ड तोंडावर नाही म्हणतं. इथे चाललं, म्हणजे चेक अजून वटला नसेल, असं तिनं धरलं. मंगळवारी सकाळी फोनवर खातं बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. चार दंड, प्रत्येकी पस्तीस डॉलर! एक चेकचा, तीन कार्डाचे. दोन डॉलरच्या बसला पस्तीस! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

धावत बँकेत गेली. काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, "खातं उघडताना ओव्हरड्राफ्ट प्रोटेक्शनला तुम्हीच यस म्हटलंय. खात्यात पैसे नसले तरी बँक भरते, आणि दर वेळी दंड लावते." आता प्रोटेक्शन नको असं कोण म्हणेल, सांगा! बाईनं चारातला एक दंड माफ केला, कर्टसी म्हणून. मेल्यांची कर्टसी! पगार आला, बँकेनं आधी आपलं कापून घेतलं आणि हातात उरले तीनशे. भाडं चारशे. रूममेट उर्वीनं तर सकाळीच बजावलं होतं, "यार, मागच्या महिन्यात पण लेट केलंस. आज संध्याकाळपर्यंत दे, नाहीतर रूम दुसरीला देते."

मैत्री बसस्टॉपवर तासभर बसून राहिली. मग लाज गिळून तिनं काकांना फोन लावला.

"जय भीम, मैत्री! अगं, तुझ्या बाबांचा फोन आला होता," काका आपल्याच आनंदात. "रडत होते गं. म्हणाले, मी समाजाच्या वर्गणीवर शिकलो, आता माझी पोर देणाऱ्यांच्या यादीत आली."

फोन ठेवून द्यावा असं तिला फार वाटलं. पण घर गेलं तर जायचं कुठे?

"काका," ती कशीबशी म्हणाली, "दिलेलं दान परत मागितलं तर... फार वाईट दिसतं का?" आणि तिला रडूच फुटलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो वरचा एक मीच लिहायला लावला गं. थांब, आत्ता पाठवतो. एकशे एक."

"शंभरच पाठवा, काका," मैत्री डोळे पुसत म्हणाली. "एक राहू द्या. यादीतून नाव नका काढू."