बांधात रोवलेले फावडे

मित्रांनो, मी फार जुने क्रियापद आहे. माझा अर्थ ‘खणणे’. मला बोलणाऱ्यांनी मला कधी लिहून ठेवले नाही, म्हणून आज पंडित माझे रूप अंदाजाने मांडतात आणि त्याआधी अंदाजाची खूण म्हणून एक तारा काढतात. माझी मुले मात्र हयात आहेत. जर्मनीत ‘ग्राबेन’, स्वीडनमध्ये ‘ग्रेवा’. इंग्रजांकडचा माझ्या नात्यातला एक शब्द, ‘ग्रेव्ह’, तर थडग्यावर जाऊन बसला.

उत्तर समुद्राकाठच्या फ्रिसियन लोकांच्या तोंडी मी बदललेल्या रूपात पुष्कळ वर्षे काढली. तिथली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, मातीच्या बांधामुळे तगलेली. बांधासाठी मी राबले, तेव्हा लोक माझे नाव कौतुकाने घेत. मग त्यांना शेताखाली कुजलेल्या झाडाझुडपांची काळी, खारट माती सापडली. ती वाळवून जाळायची, राख पाण्यात कालवून उकळायची, की झाले मीठ. मी खणत राहिले. जमीन खचत राहिली.

बांधापासून चाळीस पावलांत खणायचे नाही, म्हणून खुंट्या ठोकलेल्या होत्या. मोम्मे नावाच्या मीठवाल्याने त्या हळूहळू बांधाकडे सरकवल्या.

“खुंट्यांना पाय फुटले वाटतं,” त्याची म्हातारी आई गोंडेल म्हणाली.

“तुझी नजर अधू झालीय, आई.”

“नजर अधू असेल, पाय धड आहेत. काल चालून बघितलं, बावीसच पावलं भरली. तुझ्या बापानं इथं फावडं टेकवलं नव्हतं.”

“त्याला मीठ तरी कुठं करता येत होतं?”

“पाणी घरात शिरलं की तुलाही करावं लागणार नाही. आयतंच मिळेल.”

त्या हिवाळ्यात बांध पाझरू लागला. भर घालायला मोम्मेच्या शेतात माती उरली नव्हती. तिथला रिवाज असा, की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नाही, त्याने त्यात फावडे रोवून घर सोडायचे. जो ते उपटेल, त्याची जमीन आणि बांधही त्याचाच. मोम्मेने फावडे रोवले. गोंडेल गाडीत मागे तोंड करून बसली, ते फावडे दिसेनासे होईपर्यंत.

शेजारी येत, ओल्या मातीला हात लावत आणि फावडे न उपटता परत जात.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण खणण्याआधी, त्या मातीच्या आधाराने काय उभे आहे, तेवढे पाहत जा. ते फावडे अखेर उपटले गेले. वसंताआधीच्या एका भरतीत समुद्राने ते उपटले, आणि रिवाजाप्रमाणे सारी जमीन आपली करून घेतली.