कवटीमागची कोरी बाजू

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना फलक आहे. माझ्यामुळे एकही मूल नशेपासून दूर राहिले नाही, असे लोक म्हणतात. खरे आहे. पण त्याची लाज मी वाहणार नाही. ज्यांनी मला तसे रंगवायला सांगितले, त्यांनी ती वाहावी.

माझा जन्म कुंभकोणमला, स्वामीनाथ पेंटरच्या दुकानात झाला. समोर काळी कवटी, तिच्या दातांत गोळी आणि खाली लाल तमिळ अक्षरे: 'एकदा खाल्लीस की मेलास.' पाठ कोरीच राहिली. ब्रश धुताना स्वामीनाथ म्हणाला, "याला भिणार कोण? इथल्या पोरांनी पाळण्यातून याहून भयंकर तोंडे पाहिली आहेत."

तो बरोबर बोलला. आमच्याकडे घर बांधताना दृष्ट लागू नये म्हणून सुळे बाहेर आलेल्या राक्षसाचे तोंड टांगतात. मुले त्याला टाटा करत शाळेत जातात. शाळेच्या फाटकावर मला पाहून ती हसली. माझ्यासारखे दात विचकून त्यांनी फोटो काढले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, कोणीतरी माझ्या कपाळावर चंदन-कुंकूही लावले. मग मला रंगवून घेणारे साहेब लोक आले. "फलक पाहिलास का?" असे त्यांनी प्रत्येकाला विचारले. सगळे हो म्हणाले. झाले, मी यशस्वी ठरलो! पाहून काय झाले, हे कोणीच विचारले नाही.

पुढे फाटकाला रंग देताना मला काढून बाजूला टेकवले आणि सगळे विसरले. व्यंकटरमण नावाचे एक गृहस्थ तेव्हा जवळच्या दारासुरमला घर बांधत होते. त्यांनी मला उचलून नेले आणि दृष्ट लागू नये म्हणून थेट परांचीवर टांगले. गवंडी म्हणाला, "दात बरे आहेत, सार. दृष्ट पळेल!"

त्यांच्या घरात जुनी तंजावरी मराठी बोलतात. मुलगी कीर्ति कॉलेजात, मुलगा शशांक अकरावीत. एका संध्याकाळी कीर्ति नव्या भिंतींवर पाणी मारायला आली, तर शशांक माझ्याखाली बसलेला.

"काय तें हातांत?"

"कांही नाहीं, अक्का."

"दाखव."

मुठीतून गोळ्यांची रिकामी पट्टी पडली. कीर्तिच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली.

"केव्हांपासून?"

"दिवाळीपासून."

"मज कां नाहीं सांगितलेंस रे?"

त्याने माझ्याकडे बोट केले. "तें वाच. एकदा खाल्लीस कीं मेलास. मीं खाल्ली. मेल्यावर कोणास सांगायचें?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर विश्वास ठेवणारे एकच मूल निघाले, आणि त्याच्याच तोंडावर मी दार लावले होते.

कीर्ति परांचीवर चढली आणि तिने माझी दोरी तोडली. तेवढ्यात व्यंकटरमण धावत आले. "अय्यो, काढूं नको! घरास दृष्ट लागेल!"

"घरास लागूं दे, अप्पा. अगोदर घरांतल्यास पाहा."

त्यांनी पट्टी पाहिली आणि ते वाळूच्या ढिगावर बसले. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या सकाळी तिघे डॉक्टरांकडे गेले. शशांकचे उपचार अजून चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही वाईट.

कीर्तिने मला स्वामीनाथकडे नेले. तो म्हणाला, "कवटी पुसू का?"

"नको. पाठीवर लिहा."

शब्द शशांकने सांगितले: 'खाल्ली असलीस तरी ये. आधी जेवू, मग बोलू.' खाली कीर्तिचा फोन नंबर.

आता घर पूर्ण झाले आहे. मी त्याच्या फाटकावर पाठ पुढे करून उभा आहे. परवा साहेब लोक पाहून गेले. "यात भीती कुठे आहे?" म्हणाले. नाही, साहेब. भीती पुष्कळ विकून झाली.

गेल्या आठवड्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दोनदा माझ्यासमोरून गेली. तिसऱ्यांदा थांबली, तिने वाचले आणि कडी वाजवली. शशांकने दार उघडले. त्याने तिला काही विचारले नाही. आत वळून म्हणाला, "अक्का, एक पान अधिक वाढ."

मित्रांनो, ऊन-पावसाने माझी अक्षरे फिकी होतील, तेव्हा रंग याच बाजूला द्या. गंज चढायचा तो कवटीवर चढू द्या.