ओठ न मिटता दिलेलं भाषण

माझी वहिनी सुजेवर संशोधन करते. शरीरात कुठे दाह झाला की सूज का येते आणि आलेली सूज जाते कशी, हे ती उंदरांच्या गुडघ्यांत शोधते. त्या दिवशी मात्र सूज तिच्याच वरच्या ओठावर आली, आणि तीही भाषणाला जेमतेम तास उरलेला असताना.

दाह आणि प्रतिकारशक्ती या विषयावरची मोठी परिषद होती. दादा जुळ्यांना सांभाळायला घरी थांबला आणि सोबत म्हणून मी गेले. मी शाळेत भाषा शिकवते. सुजेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण हॉटेलात आयता नाश्ता मिळणार म्हटल्यावर मी एका पायावर तयार झाले. शिवाय वहिनी स्वयंपाकघरात, गच्चीवर, दात घासताना भाषणाची तालीम करायची, त्यामुळे ते मला तिच्याइतकंच पाठ झालं होतं.

तिच्या प्रयोगशाळेतल्या सहकारी बाईही आल्या होत्या. त्या इतक्या कमी बोलत, की सगळे त्यांना मौनीबाईच म्हणायचे. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

वहिनीला धास्ती होती ती टाचणीसरांची. सत्राचे अध्यक्ष तेच. "माझी आपली एक बारीकशी शंका आहे," असं गोड आवाजात म्हणायचे आणि समोरच्याचा फुगा फट्‌कन फोडायचे.

सभागृहामागच्या हिरवळीवर चहापाणी चाललं होतं. वहिनीनं संत्र्याच्या रसाचा ग्लास तोंडाला लावला आणि किंचाळली. ग्लासात गांधीलमाशी होती. बघता बघता ओठ टम्म फुगला.

सुजेवर हयात घालवलेले पंधरा-वीस तज्ज्ञ क्षणात भोवती जमले. मला हायसं वाटलं. पण एक म्हणाला, "हे हिस्टामिनचं काम." दुसरा म्हणाला, "छे, नुसत्या हिस्टामिननं एवढं होत नाही." तिसऱ्यानं कागदी रुमालावर बाण काढायला घेतले. चौथा अदबीनं म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर थोड्या थोड्या वेळानं एकेक फोटो काढू का? इतकं स्वच्छ उदाहरण पुन्हा मिळायचं नाही."

"अहो," मी ओरडले, "तुमच्यात माणसांचा डॉक्टर कुणी आहे का?"

रुमालवाले ओशाळून म्हणाले, "आमचं आपलं उंदरांपुरतं."

तेवढ्यात मौनीबाई बर्फाचं भांडं घेऊन धावत आल्या. आम्ही दोघींनी वहिनीला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. तिथल्या नर्सनं श्वास नीट येतोय ना ते पाहिलं, घसा पाहिला, गोळी दिली. म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाही. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"संध्याकाळी नाही, आत्ता भाषण आहे तिचं," मी म्हणाले.

"मग बोलू दे की. ओठ सुजलाय, जीभ शाबूत आहे."

तिथेच तर ग्यानबाची मेख होती. आम्ही एका रिकाम्या खोलीत बसलो आणि वहिनीनं पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. ओठ मिटतच नव्हते. 'पेशी'ची 'हेशी' झाली आणि 'माझ्या मित्रांनो'चं 'वाझ्या वित्रांनो'. मला हसू आवरेना. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तीही हसायला लागली आणि ओठ ताणला जाऊन कळवळली.

"मौनीबाई, तुम्ही द्या ना भाषण," मी म्हणाले.

त्यांनी अशी काही मान हलवली, की मी पुन्हा विचारलंच नाही.

मग माझ्यातली बाई जागी झाली. शाळेतली. "वहिनी, ओठ न मिटता बोलता येणारे शब्द भरपूर आहेत. फक्त प, फ, ब, भ, म टाळायचे. सूज चालेल. दाह चालेल. उंदीर चालेल."

"हेशी?" वहिनीनं केविलवाणं विचारलं.

"पेशी नाही. आधी धावून येतात त्या पेशींना सैनिक म्हण. मागून येऊन मेलेल्या पेशी खातात त्यांना झाडूवाले म्हण."

मौनीबाईंनी जोरजोरात मान डोलावली. आम्ही भाषणाच्या कागदावर सपासप काट मारत सुटलो. दुसऱ्या पानावर मी थबकले.

"वहिनी, एक अडचण आहे. तुला 'मी' म्हणता येणार नाही. 'माझं'ही नाही. 'आम्ही' नाही, 'आपण' नाही."

तिच्या भाषणात दर दोन वाक्यांना एक 'मी' होता. 'मी दाखवून दिलं', 'माझ्या लक्षात आलं'. कुठल्याच भाषणात तसं वावगं नसतं ते. वहिनी कागदाकडे बघत राहिली. मग तिनं मौनीबाईंकडे पाहिलं, पेन माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं सगळं स्वतःच लिहून काढलं.

सभागृह गच्च भरलं होतं. माशीची बातमी सगळीकडे पोचली होती. वहिनी व्यासपीठावर चढली. टाचणीसरांनी चष्म्यावरून तिच्या ओठाकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. सरकवण्याआधी आत डोकावून पाहिलं, हे मला दिसलं.

"सज्जनहो," वहिनी सावकाश म्हणाली, "सूज येते कशी, हे आज वेगळं सांगायला नको."

हास्याची अशी लाट उठली, की तिचे खांदेच सैल झाले.

"आजचा विषय, ती जाते कशी. आग लागली की आधी सैनिक धावतात. लढाई होते. कचरा साचतो. झाडूवाले येऊन तो खातात आणि खाता खाता सैनिकांना सांगतात, झालं, जा आता घरी. हा सांगावा गेला नाही, तर सैनिक तिथेच राहतात. सूजही राहते."

इतकं सोपं मला घरच्या तालमींत एकदाही कळलं नव्हतं. पडद्यावर आकडे होते, आलेख होते, पण लोक तिच्याकडेच बघत होते. मग ती थांबली. पाण्याचा घोट घेतला, अर्धा हनुवटीवर सांडला.

"हा सांगावा आधी कोणाला ऐकू आला? तिला. ती तिथे आहे, चौथ्या रांगेत, निळा स्वेटर. काही उंदरांची सूज जातच नव्हती, ते आजारी दिसत होते. सगळे सांगत होते, टाकून द्या. तिनं ते टाकले नाहीत. रोज त्यांचे गुडघे तिनं तासन्‌तास न्याहाळले. खरं श्रेय तिचं आहे."

माना वळल्या. शेजारी बसलेल्या मौनीबाई स्वेटरच्या गळ्यात हनुवटी खुपसून लालबुंद झाल्या होत्या. माझ्या हाताला त्यांनी इतक्या जोरात धरलं, की वळ उठले.

टाळ्या थांबल्यावर टाचणीसर उभे राहिले. "माझी आपली एक बारीकशी शंका आहे." वहिनीनं डोळे मिटले. "पण ती या बाईंना नाही. यांना आज त्रास नको. चौथ्या रांगेतल्या बाईंना आहे. त्या उंदरांतले झाडूवाले थकलेत, का त्यांचा सांगावा सैनिकांना ऐकू जात नाही? हे तुम्ही वेगळं कसं केलंत?"

मौनीबाई उठेनात. मी त्यांना कोपरानं ढोसलं. त्या उभ्या राहिल्या, घसा खाकरला आणि बोलायला लागल्या. आधी जमिनीकडे बघत, मग सरांकडे. सर म्हणाले, "हे पटत नाही." त्या म्हणाल्या, "न पटायला काय झालं? चौथ्या आलेखातला डावा खांब बघा ना!" सरांनी खांब बघितला, पुन्हा बघितला आणि खाली बसत म्हणाले, "तुमच्या त्या उंदरांच्या पेशी माझ्याकडे पाठवाल का? माझ्या यंत्रावर एकदा तपासून बघू. तिघं मिळून."

जेवणाच्या सुट्टीत वहिनी ताटातला भात नुसता चिवडत होती. मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

तिनं जरा विचार केला. "थोडंसं वाटलं," ती म्हणाली. 'थोडंसं'ला ओठ लागत नाहीत. "आणि हलकंही वाटलं."

या संशोधनाचा लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव मौनीबाईंचं होतं, ते वहिनीनंच घातलं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही तिघी कोपऱ्यावरच्या हॉटेलात सूप प्यायला बसलो, कारण वहिनीला चावायचं जमत नव्हतं. सूज निम्म्यावर आली होती. दादानं व्हिडिओ कॉल लावून दिला तेव्हा जुळ्यांनी आईला पाहून आधी भोकाड पसरलं आणि मग तिचं फुगल्या ओठानं बोलणं ऐकून, "पुन्हा कर, पुन्हा कर," म्हणून हट्ट धरला. मौनीबाई मात्र मला उंदरांबद्दल सांगत होत्या. कुठला चिडका, कुठला आळशी, कुठला त्यांचा आवाज ऐकून पिंजऱ्याच्या दाराशी येतो. सूप गार झालं, दुसरं मागवलं, तेही गार झालं, तरी त्यांचं संपेना.